स्वस्त फाउंटन पेनाला नावं ठेवण्याआधी: धुण्यापासून निबेपर्यंत, क्रमाने

नवं पेन हातात येतं. लगेच शाई भरली जाते. पहिल्या दोन ओळी छान उमटतात, तिसरीत अक्षर तुटतं. मग पेन झटकलं जातं, निब कागदावर दाबली जाते, आणि आठवड्याभरात पेन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. "स्वस्तातलं होतं, असंच असणार." स्वस्त फाउंटन पेनांच्या बहुतेक तक्रारी मी याच क्रमाने ऐकल्या आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त तक्रारींत दोष न धुतलेल्या जिभेचा (निबेखालच्या, शाई आणणाऱ्या पट्टीचा), चुकीच्या शाईचा, कागदाचा किंवा बॉलपेनला सरावलेल्या हाताचा निघतो. काही दोष मात्र खरंच पेनाचे असतात. ते वेळेत ओळखता आले तर पेन परत तरी करता येतं.

म्हणून क्रम सोडू नका: आधी धुणं, मग भरणं, मग हात, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी निब. लोक पहिल्याच दिवशी निबेला हात घालतात आणि तिथेच पेन कायमचं बिघडतं. दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला. शाई आणि कागद एकदम बदललात तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत पेन बराच वेळ कागदावरच असतं. आपण मात्र अक्षरागणिक पेन उचलतो, मग वेलांटी-मात्रेला उचलतो, मग शिरोरेषेला. एकाच शब्दात निब कितीतरी वेळा नव्याने टेकते. त्यामुळे टेकताक्षणी शाई न सोडणारं पेन इंग्रजी लिहिणाऱ्याला चालून जाईल, आपल्याला पहिल्या परिच्छेदातच सतावेल. इंग्रजीत लिहून केलेलं कौतुक वाचून पेन घेतलं आणि पदरी निराशा आली, असं होण्याचं हे मोठं कारण आहे.

## आधी जवळ घ्यायच्या वस्तू

पाण्याच्या दोन वाट्या, भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब, सुई काढलेली सिरिंज, टिपकागद किंवा मऊ टिश्यू, दोन वेगवेगळ्या प्रतीचे कागद, आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. भिंग ऐच्छिक वाटेल, पण निबेचा दोष उघड्या डोळ्यांना जवळपास कधीच दिसत नाही. शाई एकच घ्या: नावाजलेल्या कंपनीची, फाउंटन पेनासाठीच बनवलेली साधी निळी.

सँडपेपर, पक्कड, ब्लेड आणि टाचणी या चार वस्तू टेबलावरून उचलून ठेवा. समोर असल्या की हात तिकडे जातोच.

## १. आपलं पेन ओळखा

निबेखाली प्लास्टिकची किंवा एबोनाइटची (कडक रबराची) काळी पट्टी असते. कोणी तिला जीभ म्हणतं, कोणी फीड. पेनाची खरी यंत्रणा ती आहे. तिच्या अंगावरच्या केसासारख्या बारीक खाचेतून शाई निबेच्या चिरेपर्यंत ओढली जाते, आणि जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा उलट दिशेने टाकीत जाते. हवेची ही देवाणघेवाण अडली की शाईने भरलेलं पेनही कोरडं लिहितं. जिभेवर कंगव्यासारख्या फटी दिसतात त्या जादा आलेली शाई धरून ठेवायला असतात. पेन झटकलं की त्या एकदम भरतात आणि पुढचा थेंब वहीवर पडतो.

आता शाई कुठे साठते ते पाहा. कार्ट्रिज (शाईने भरलेली तयार नळी), फिरवून किंवा दाबून शाई ओढणारा कन्व्हर्टर, पेनातच बसवलेला पिस्टन, किंवा ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची सोय. कार्ट्रिज आणि कन्व्हर्टरच्या बाबतीत चूक हमखास होते. 'स्टँडर्ड इंटरनॅशनल' मापाचं कार्ट्रिज अनेक पेनांना चालतं, पण लॅमी, पायलट, प्लॅटिनम, सेलर आणि पार्कर या कंपन्यांची मापं आपापली आहेत. एकाच दिसण्याच्या पेनातही फरक सापडतो: पायलटच्या मेट्रोपॉलिटनला पायलटचं कार्ट्रिज लागतं, तर तेच पेन युरोपात एमआर नावाने मिळतं आणि त्याला स्टँडर्ड इंटरनॅशनल बसतं. न जुळणारा कन्व्हर्टर जोर लावून बसवला की त्याचं तोंड सैल होतं, आणि मग लोक म्हणतात पेन गळतं.

तपासा: कन्व्हर्टर बसवून निब वर धरा आणि हलकेच ओढा. सहज निघाला तर तो या पेनाचा नव्हे.

## २. शाई भरण्याआधी धुवा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. मला पायरी एकच सांगायची मुभा दिली तर मी हीच सांगेन. साच्यातून निघालेल्या आणि यंत्रावर कापलेल्या भागांवर तेलकट अंश राहू शकतो. शाई म्हणजे मुख्यतः पाणी. तेलकट खाचेला ती नीट चिकटत नाही, थेंबाथेंबाने अडखळत येते. "दोन ओळी लिहितं आणि थांबतं" ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच मिटते.

- साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात साबणाचा एकच थेंब मिसळा.
- कन्व्हर्टर बसवलेला ठेवून निब पाण्यात बुडवा. पाणी आत ओढा, बाहेर सोडा, असं सात-आठ वेळा करा.
- कन्व्हर्टर काढा आणि पकडीच्या (बोटांनी धरायच्या भागाच्या) मागच्या तोंडातून सिरिंजने हळूहळू पाणी सोडा. ते निबेतून धारेने बाहेर यायला हवं.
- हेच स्वच्छ पाण्याने, फेस पूर्ण जाईपर्यंत. साबण राहिला तर पुढे शाई कागदावर फुटेल.
- निब खाली करून टिश्यूवर टेकवा, पाणी शोषू द्या. मग निब खालीच ठेवून रात्रभर उभं करा.

निब आणि जीभ ओढून काढायची गरज नाही. अनेक स्वस्त पेनांत ती नुसती दाबून बसवलेली असते आणि निघते, हे खरं. पण परत बसवताना निबेची चीर जिभेच्या खाचेच्या बरोबर वर आली नाही तर नवीन दुखणं सुरू होतं.

सावधान: गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हे तर पेनाच्या आसपासही नकोत. पारदर्शक पेनांना त्यांनी बारीक तडे जातात आणि ते भरून येत नाहीत.

तपासा: सिरिंजचं पाणी धारेऐवजी थेंबाथेंबाने येत असेल तर खाच तुंबलेली आहे. साबणाच्या पाण्यात पकडीचा भाग काही तास बुडवून ठेवा आणि पुन्हा धुवा.

## ३. शाई निवडणं आणि भरणं

बाटलीवर सुंदर रंग दिसतो म्हणून कुठलीही शाई भरू नका. चित्रकलेची जलरोधक काळी शाई, इंडिया इंक, अॅक्रिलिक शाई, टाकाने सुलेखन करायची शाई यांत लाख किंवा तत्सम चिकट पदार्थ असू शकतात. ते जिभेत वाळले की पाण्याने निघत नाहीत. चमकीच्या शाया, रंगकणांच्या टिकाऊ शाया आणि लोहयुक्त शाया फाउंटन पेनासाठी बनवलेल्या असल्या तर चालतात, पण त्या वारंवार धुणं मागतात. पहिल्या महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शाईला 'ओली' आणि 'कोरडी' असे स्वभाव असतात. एकाच पेनात पेलिकनची ४००१ निळी जरा हात राखून उतरते, वॉटरमनची निळी मोकळेपणाने वाहते. कोरडं लिहिणाऱ्या पेनाला ओली शाई आणि भसाभसा शाई सोडणाऱ्या पेनाला कोरडी, हा उपाय निबेला हात न लावता होतो. म्हणून तो नेहमी आधी.

बाटलीतून भरताना:

- निब पूर्ण बुडू द्या, पकडीच्या कडेपर्यंत. निबेवरचं भोक बाहेर राहिलं की शाईऐवजी हवा आत येते. "कन्व्हर्टर अर्धाच भरतो" ही तक्रार इथून येते.
- कन्व्हर्टर सावकाश मागे फिरवा. एकदा सगळी शाई परत सोडा आणि पुन्हा भरा, दुसऱ्या खेपेला जास्त भरते.
- निब बाटलीच्या वर आणून दोन-तीन थेंब परत पडू द्या. मग निब आकाशाकडे करून उरलेला फेरा मागे घ्या. जिभेतली जादा शाई आत जाते आणि पहिल्या पानावर डाग पडत नाही.
- निब आणि पकड पुसा. पकडीच्या कडेला राहिलेली शाई पुढे बोटांवर येते.

कार्ट्रिज लावताना सरळ रेषेत, 'टक्' होईपर्यंत दाबा. मग पेन निब खाली करून थोडा वेळ ठेवा. घाई असेल तर कार्ट्रिजला बोटांनी अगदी हलका दाब द्या.

ड्रॉपरने भरायच्या पेनात आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर हवा. व्हॅसलीन नको, ते रबरी कडी खराब करतं. आणि जी पेनं मुळात ड्रॉपरसाठी नाहीत, त्यांची नळी धातूची किंवा भोकाची असेल तर हा प्रयोग करूच नका. लॅमी सफारीच्या नळीला शाई दिसण्यासाठी आरपार खिडक्या आहेत, तिथून सरळ गळेल.

सावधान: पेनात घेतलेली शाई बाटलीत परत ओतू नका. दोन शाया एकमेकींत मिसळू नका, काही मिश्रणं घट्ट होऊन साका धरतात.

तपासा: निब टिश्यूला नुसती टेकवा. लगेच शाईचा ठिपका पसरला पाहिजे. नाही पसरला तर कागदावर घासत बसू नका, पेन निब खाली करून आणखी दहा मिनिटं ठेवा.

## ४. हात बदलावा लागतो

बॉलपेनची गोळी कागदावर दाबून फिरवावी लागते. फाउंटन पेनाला फक्त स्पर्श लागतो. शाई कागद स्वतःच ओढून घेतो. जोर लावला की निबेची दोन पाती फाकतात, त्यांच्यामधला शाईचा धागा तुटतो आणि रेघ मधोमध पोकळ दिसते. वर्षानुवर्षं बॉलपेन वापरलेल्या हाताला हे कळायला दोन-तीन दिवस लागतात.

पेन नेहमीपेक्षा थोडं मागे धरा. कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांचा कोन ठेवा. बॉलपेनसारखं उभं धरलं की टोकाची कड कागदात रुतते. निबेची चीर आकाशाकडे असू द्या. पेन किंचितही कलंडलं तर एकच पातं कागदाला टेकतं आणि खरखर सुरू होते. लिहिता लिहिता पेन बोटांत फिरण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती स्वतःला जाणवत नाही. लॅमी सफारीसारख्या पेनांची पकड त्रिकोणी असते, ती नेमकी हे फिरणं थांबवते. म्हणूनच ज्यांची बोटं त्या कडांवर बसतात त्यांना ती फार आवडते, आणि ज्यांची धरण्याची रीत वेगळी असते त्यांना ती टोचते. दोन्ही मतं खरी आहेत.

सरावासाठी पानभर शिरोरेषा ओढा, अक्षरं नाहीत. पेनाच्या स्वतःच्या वजनाइतकाच भार. मग उभ्या दंडांची एक ओळ, मग 'ठ', 'छ', 'ळ' यांसारखी वळणाची अक्षरं. टोपण मागे लावून आणि काढून दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहा. हलक्या पेनाला मागे टोपण लागलं की तोल मागे जातो, आणि मनगट दुखतंय असं वाटतं त्याचं कारण कधीकधी तेवढंच असतं.

डावखुऱ्यांसाठी: ओळीच्या वरून हात वळवून लिहीत असाल तर ओली शाई फिसकटणारच. वही जास्त तिरकी करून हात ओळीच्या खाली ठेवता येतो का पाहा, आणि बारीक निब व लवकर वाळणारी शाई निवडा.

तपासा: तुम्ही लिहिलेल्या पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे लागत असतील तर अजून जोर जास्त आहे.

## ५. पेनाला दोष देण्याआधी कागद बदलून पाहा

शाई फुटते, पानाच्या मागे दिसते, अक्षर जाड येतं, या तीन तक्रारी पेनापेक्षा कागदाच्या जास्त असतात. जाड कागद म्हणजे चांगला कागद हा समज सोडून द्या. टोमोए रिव्हर हा कागद चौरस मीटरला ५२ ग्रॅमचा, म्हणजे नेहमीच्या ८० ग्रॅमच्या छपाईच्या कागदापेक्षा बराच पातळ, तरी त्यावर शाई सहसा फुटत नाही. फरक कागदावर दिलेल्या खळीचा असतो. खळ कमी असली की तंतू शाई पिऊन घेतात. उलट अति गुळगुळीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो आणि बोट लागलं की पसरते.

पानाच्या खालच्या अर्ध्यातच अक्षर तुटत असेल तर हाताखाली टिपकागद ठेवून लिहा. तळव्याचा घाम आणि तेल कागदाला लागतं आणि त्या जागी शाई धरत नाही. यासाठी मी बदललेलं पेन मुळात निर्दोष होतं, हे मला फार उशिरा समजलं.

## ६. चाचणीचं पान

आता कुठे पेनाची परीक्षा घेता येते. एकच शाई, एकच कागद, आणि तारीख टाकून हे लिहा:

- पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाच शिरोरेषा, न थांबता.
- अनुस्वार आणि मात्रांनी भरलेली एक ओळ, उदाहरणार्थ 'तीं मैं कैं शैं' असं काहीही. इथे निब दर वेळी नव्याने टेकते.
- 'ष्ट्र', 'ज्ञ', 'द्ध', 'क्ष्म' ही जोडाक्षरं, तुमच्या रोजच्या आकारात. पोकळ्या भरून जात असतील तर निब तुमच्या अक्षराला जाड आहे. जपानी निबा एक पायरी बारीक असतात: पायलटची 'एफ' लॅमीच्या 'एफ'पेक्षा स्पष्ट बारीक लिहिते. अक्षर लहान असेल तर हा फरक जपून पाहा.
- एक अख्खं पान, परीक्षेत लिहितो त्या वेगाने.
- टोपण काढून दोन मिनिटं थांबा, मग एक शब्द.
- टोपण लावून रात्रभर आडवं ठेवा, सकाळी एक शब्द. मग असंच एक आठवडा न वापरता ठेवून.

शेवटची परीक्षा कुणी घेत नाही, आणि रोज थोडंच लिहिणाऱ्याला तीच सगळ्यात महत्त्वाची.

## ७. तक्रारीवरून कारण शोधा

टेकल्यावर उठत नाही, पुढे छान चालतं. पेन कलतं धरून पाहा, ओली शाई भरून पाहा. तरीही तसंच आणि जरासा दाब दिला की उठत असेल, तर भिंगातून टोक बघा. चिरेच्या आतल्या दोन्ही कडा जास्त घासून गोल झालेल्या असल्या तर मधे खळगा राहतो आणि शाई कागदापर्यंत पोचत नाही. ही निब हाताला लोण्यासारखी गुळगुळीत लागते, त्यामुळे दुकानात आवडून जाते. देवनागरीला हा दोष सगळ्यात जास्त नडतो. निब बदलून घ्या.

पानभर चांगलं, मग हळूहळू फिकं. जिभेतून हवा वर जात नाही. कन्व्हर्टर काढून पाहा: बऱ्याचदा शाई वरच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि खाली हवा असते. बोटाने टिचकी मारा. पुन्हा पुन्हा होत असेल तर कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने धुवा. तरी नाही सुटलं तर त्याच मापाचं कार्ट्रिज लावून पाहा. कार्ट्रिजवर ठीक चालत असेल तर पेन बरं आहे, कन्व्हर्टर बदला.

पहिल्या अक्षरापासून कोरडं. निब आणि जीभ एकमेकींना टेकलेल्या आहेत का, चीर जिभेच्या बरोबर मध्यावर आहे का ते बाजूने आणि वरून पाहा. मधे फट दिसली तर निब-जीभ एकत्र धरून पकडीत नीट बसवा.

एकाच दिशेला खरखर. दोन पाती वर-खाली झाली आहेत. पुढची पायरी पाहा. सगळ्या दिशांना सारखीच हलकी खरखर असेल तर बहुधा ती बारीक निबेची जात आहे. काहींना कागदाचा तो स्पर्श आवडतोही.

थेंब पडतो. ड्रॉपरच्या पेनात शाई तृतीयांशाखाली आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला ढकलते. वेळेत भरत जा. कन्व्हर्टरच्या पेनात असं झालं तर कन्व्हर्टरचं तोंड आणि पकडीला गेलेले तडे तपासा.

टोपणात आणि पकडीवर शाई. पेन बॅगेत उताणं-पालथं फिरलं की होतं. निब वर ठेवूनही होत असेल तर तडा शोधा: पकडीच्या आत टिश्यू फिरवा, कुठे रंग लागतो ते दिसेल.

## ८. निब: फक्त दोन गोष्टी, आणि थांबा

इथवरचं सगळं करूनही दोष राहिला तरच.

पाती वर-खाली असतील तर पेन डोळ्यांसमोर आडवं धरून टोकाकडून भिंगातून पाहा. खाली राहिलेलं पातं अंगठ्याच्या नखाने अलगद वर उचला, दोन-तीन सेकंद धरा, सोडा, पुन्हा पाहा. पहिल्यांदा काहीच हललेलं दिसणार नाही, तेच बरोबर. सहा-सात वेळा हलक्या हाताने करायचं काम एका जोरात करू नका.

चीर फार आवळलेली असेल, म्हणजे टोकाजवळ उजेडाची रेघही दिसत नसेल आणि पेन कोरडं असेल, तर ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी निबेच्या भोकापासून टोकाकडे एक-दोनदा सरकवा. टाचणी किंवा ब्लेड घालू नका, पाती ओरखडतात. प्रत्येक वेळी पुसून लिहून पाहा.

सँडपेपरवर आठ आकडे काढून निब गुळगुळीत करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो ऐकून एक चांगली निब घालवली. टोकावर जो कठीण धातूचा कण असतो तो फार लहान असतो, घरच्या सँडपेपरने मिनिटभरात त्याचा आकार जातो. नंतर ते पेन लिहीत होतं, पण प्रत्येक शिरोरेषा जाड आणि प्रत्येक दंड बारीक. घासायचंच असेल तर १२००० नंबरचा मायक्रोमेश (अगदी बारीक घासपट), पाच-सात हलके फेरे, आणि तेही बदली निब हाताशी असेल तेव्हा.

सावधान: दोन्ही उपायांआधी मूळ स्थितीतलं एक पान लिहून ठेवा. बिघडलं की सुधारलं हे नुसत्या आठवणीवर ठरत नाही.

## ९. हे मात्र पेनाचेच दोष

टोपणात हवा शिरते: आठवडाभर ठेवल्यावर पेन कोरडं पडतं, आणि शाई बदलूनही पडतं. यावर घरी करण्यासारखं काही नाही. स्वस्त पेनांतही याची सोय केलेली असते. प्लॅटिनमच्या प्रेपी या पेनाच्या टोपणात स्प्रिंगवरचं आतलं झाकण आहे, ते निबेला बंद करून टाकतं. रोज न लिहिणाऱ्याने घेताना आधी टोपणाबद्दल विचारावं, रंगाबद्दल नंतर.

पकडीला तडा, टोपणाच्या ओठाला तडा, सैल क्लिप, झिजलेले आटे, कन्व्हर्टर न धरणारं तोंड: परत करा. टोकाचा कण एका बाजूला जास्त असेल तर तेही परत.

जड पितळी नळी, अरुंद पकड, पकडीच्या मागे बोटाला लागणारी पायरी, हे दोष म्हणावेत की नाही ते तुमच्या बोटांवर अवलंबून आहे. त्यासाठी चार सलग पानं लिहा. पहिल्या पानावर आवडलेलं जड पेन चौथ्या पानावर नकोसं होतं, आणि साधं हलकं प्लास्टिकचं पेन तासभर हातात आहे हे विसरायला होतं. ज्यांना स्वस्त फाउंटन पेन मनापासून आवडतं त्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण हेच आहे: बोटं दुखायची थांबली. त्या खालोखाल, निब बिघडली तर तेवढीच बदलता येते.

## १०. चालू ठेवणं

साधी शाई असेल तर तीन-चार भरण्यांनंतर किंवा महिन्या-दीड महिन्याने साध्या पाण्याने धुवा. रंग बदलताना प्रत्येक वेळी, पाणी निर्मळ येईपर्यंत. रंगकणांच्या किंवा लोहयुक्त शाईला दर भरण्यानंतर. पंधरा दिवसांहून जास्त लिहिणार नसाल तर शाई काढून, धुऊन, वाळवून ठेवा. वाळलेली शाई मऊ करायला रात्रभर साध्या पाण्यात पकड भिजत ठेवली की बहुतेक वेळा काम होतं. घासायला ब्रश नको.

लिहिताना विचार करायला थांबलात तर टोपण लावा, निदान वरून टेकवा. खिशात आणि बॅगेत निब वर. विमानात पेन एकतर पूर्ण भरलेलं न्या किंवा पूर्ण रिकामं. अर्ध्या टाकीतली हवा वर चढताना फुगते. आणि वर असताना लिहायचंच असेल तर निब वर धरून टोपण काढा, मग खाली करा.